मेडिकलच्या मुलांची सुट्टी प्रयोगशाळेत का जावी? वर्धा-सेवाग्रामच्या निमित्ताने थोडं समजून घेऊ

घरातलं लेकरू एमबीबीएसला लागलं की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते. पहिलं वर्ष कसं निघून जातं ते कळतही नाही. मग सुट्टी जवळ येते आणि घरचे दिवस मोजू लागतात. अम्मीला वाटतं, मुलगी वर्षभर मेसचं खाऊन वाळली, आता जरा घरी राहील. मामूच्या घरी लग्न निघालेलं असतं. आणि अशातच मुलीचा फोन येतो, "अम्मी, मी दोन महिने इथंच थांबते. मॅडमकडे प्रोजेक्ट करायचं आहे, लॅबमध्ये."

इथून घरात वाद सुरू होतो. लॅबमध्ये कसलं प्रोजेक्ट? डॉक्टर व्हायचं आहे की मास्तर? टीबीच्या बेडक्या तपासायच्या म्हणजे आजार अंगावर ओढवून घ्यायचा का? पैसे मिळतात का? असे प्रश्न आम्हाला अनेक वालिदैन विचारतात. ते चुकीचे नाहीत. पण उत्तर माहीत नसल्यामुळे चांगली संधी हातची जाते, म्हणून आज याच विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

वर्धा जिल्हाच का?

कारण संसर्गजन्य आजार आणि त्यांचा अभ्यास या दोन्हींचा या जिल्ह्याशी जुना संबंध आहे. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित कुष्ठरोग झाल्यावर आश्रयाला आले. लोक अशा रुग्णाच्या सावलीलाही घाबरत होते. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. तिथल्या डॉ. र. वि. वारदेकर यांनी घरोघरी पाहणी, लोकांना माहिती आणि घराजवळ उपचार अशी तीन पायऱ्यांची पद्धत बसवली. रुग्णाला गावाबाहेर काढायचं नाही, औषध त्याच्या दारापर्यंत न्यायचं, हा त्यामागचा विचार होता.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं मेडिकल कॉलेज. इथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि तिथल्या कुटुंबांच्या आरोग्याची माहिती ठेवते. याच संस्थेत जमनालाल बजाज यांच्या नावाने उष्णकटिबंधीय आजारांचं संशोधन केंद्र आहे. डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे हत्तीरोग आणि क्षयरोग यांच्या रक्ततपासण्यांवर दशकानुदशकं काम केलं. वर्धा शहराला लागून सावंगी मेघे इथंही जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळीच्या घरांपासून एसटीने जाता येईल एवढ्या अंतरावर हे सगळं आहे.

ही योजना आहे तरी काय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप' नावाची योजना चालवते. मुलं तिला 'एसटीएस' म्हणतात. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्याने दोन महिन्यांत, आपल्याच कॉलेजच्या एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली, एका छोट्या प्रश्नाचा नीट अभ्यास करायचा, एवढीच अपेक्षा असते. इंटर्न आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही योजना नाही.

क्रम साधारण असा असतो. विद्यार्थी आधी एक प्रश्न निवडतो आणि मार्गदर्शक शोधतो. एका मार्गदर्शकाला एकच विद्यार्थी घेता येतो, म्हणून उशीर करणाऱ्याला चांगले शिक्षक मिळत नाहीत. मग ऑनलाइन नोंदणी करून छोटा प्रस्ताव पाठवायचा. प्रश्न काय, तो कशासाठी, नमुने किती, तपासणी कशी, हे सगळं थोडक्या शब्दांत मांडायचं. निवड झाली की कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्यानंतर दोन महिने काम आणि शेवटी अहवाल. अहवाल स्वीकारला गेला तरच प्रमाणपत्र आणि स्टायपेंड मिळतो. तारखा आणि रक्कम दरवर्षी आयसीएमआरच्या सूचनेत येतात, त्या तिथूनच पाहाव्यात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पत्रकावर जाऊ नये.

स्टायपेंड शेवटी येतो, हे घरच्यांनी लक्षात ठेवायला हवं. दोन महिन्यांची मेस, गावात फिरायचा खर्च, झेरॉक्स हे सगळं आधी खिशातून जातं. याबद्दल शेवटी पुन्हा बोलू.

दोन महिन्यांत मुलं नेमकं काय शिकतात?

समजा एका मुलीने लघवीच्या संसर्गाचा विषय घेतला. ओपीडीत आलेल्या रुग्णांच्या लघवीत कोणते जंतू सापडतात आणि त्यांच्यावर कोणती अँटिबायोटिक चालतात, हा तिचा प्रश्न. विषय साधा वाटतो, पण आपल्या घरातल्या किती आयाबायांना हा त्रास असतो, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी नमुना येतो. तिच्या हातात तारेचा एक बारीक लूप असतो, त्यात मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. ती आगरच्या प्लेटवर पसरवून प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जंतूंच्या वसाहती दिसतात, लहान लहान ठिपक्यांसारख्या. त्या मोजायच्या. १०० वसाहती असतील तर १०० गुणिले १०००, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये १ लाख जंतू. नीट घेतलेल्या नमुन्यात एक लाख किंवा त्याहून जास्त असले तर साधारणपणे खरा संसर्ग मानतात. बरेच कमी आणि सरमिसळ जंतू असतील तर नमुना घेतानाच घाण मिसळली असण्याची शक्यता असते.

मग त्या जंतूचा पातळ द्राव दुसऱ्या प्लेटवर पसरवून त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. पुन्हा एक रात्र. सकाळी काही चकत्यांभोवती मोकळं वर्तुळ दिसतं, म्हणजे तिथं जंतू वाढू शकले नाहीत. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि ठरलेल्या तक्त्याशी ताडायचं. एखाद्या चकतीला अगदी चिकटून जंतू वाढलेले असतात. ते औषध त्या जंतूवर चालत नाही.

अशा पन्नास प्लेट पाहिलेल्या विद्यार्थ्याला अँटिबायोटिकची गोळी पुढे तशी दिसत नाही, जशी आधी दिसत होती. मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीविना दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद करायच्या, उरलेल्या शेजारच्या खालाला द्यायच्या, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्या मोकळ्या वर्तुळाची जागा कशी आक्रसते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मुलगी आपल्या घरात हे चालू देणार नाही. पुस्तकातलं वाक्य परीक्षेनंतर विसरतं, हे विसरत नाही.

प्रश्न ऋतूला आणि वेळेला जुळला पाहिजे

इथं बरेच विद्यार्थी चुकतात. उत्साहात मोठा विषय घेतात आणि दोन महिने संपतात तरी हाती काही लागत नाही.

क्षयरोगाचंच बघा. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. बहुतेक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला पंधरा-वीस तास लागतात. अंड्याच्या माध्यमावरच्या जुन्या पद्धतीने त्याचं कल्चर करायचं तर आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणजे दोन महिने एका कल्चरमध्येच गेले. त्याऐवजी बेडक्याची स्लाइड आणि सीबीनॅट यांची तुलना करता येते. स्लाइडवर लाल रंग चढवून, आम्लाने धुऊन, मग निळा रंग दिला की टीबीचे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. सीबीनॅट मशीन सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही, हे सांगतं. हा अभ्यास दोन महिन्यांत बसतो.

तीच गोष्ट ऋतूची. डेंग्यू आणि स्क्रब टायफस हे पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढणारे आजार. स्क्रब टायफस झुडपातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो आणि विदर्भात त्याचे रुग्ण दिसतात. पण मे महिन्यात, वर्ध्याचं ऊन ४५ अंशांच्या पुढे गेलेलं असताना, ताजे रुग्ण मिळणार कुठून? उन्हाळ्यात टायफॉइड, दूषित पाण्याची कावीळ, जुलाब, लघवीचे आणि जखमांचे संसर्ग यांचे नमुने मिळतात. म्हणून मार्गदर्शकाकडे जाताना नमुने त्या दोन महिन्यांत खरंच येतील का, हा प्रश्न विद्यार्थ्याने आधी विचारावा.

हत्तीरोग: रात्रीचं रक्त आणि आपला मोहल्ला

हत्तीरोगाला ऋतूची अडचण नाही, पण घड्याळाची आहे. आपल्या भागात हा आजार वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाच्या जंतामुळे होतो. गटाराच्या, साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो. मोठे जंत शरीरातल्या लसिकावाहिन्यांत राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्लं, मायक्रोफायलेरिया, रात्रीच रक्तात वर येतात. दिवसा ती फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात. हा डास रात्री चावतो, तेव्हा जंतानेही आपली वेळ त्याच्याशी जुळवली आहे. म्हणून पाहणी पथकं रात्री दहानंतर घरोघरी जाऊन बोटातून रक्त घेतात.

आता विचार करा, रात्री अकराला कुणी दार वाजवून रक्त मागितलं तर आपण काय म्हणू? बहुतेक घरं नकार देतात. म्हणूनच दिवसा घेतलेल्या रक्तातही जंताचे अंश, म्हणजे अँटिजेन, शोधणाऱ्या तपासण्या महत्त्वाच्या ठरल्या. सेवाग्रामच्या प्रयोगशाळेतलं एलायझावरचं काम याच दिशेचं होतं. लोकांची अडचण ओळखून तपासणी बदलायची, हेही संशोधनच.

वर्धा हा हत्तीरोगप्रवण जिल्हा आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या घरोघरी दिल्या जातात. २०१९ मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यात यात आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषधही दिलं गेलं. देशाने हत्तीरोग दूर करण्यासाठी २०२७ चं उद्दिष्ट ठेवलं आहे. तरीही अनेक घरांत गोळ्या घेऊन कपाटात ठेवल्या जातात. "आम्हाला काही झालंच नाही, मग गोळी कशाला?" असं म्हटलं जातं. खरं तर पाय सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधी जंत शरीरात असतो आणि सूज पक्की झाली की ती पूर्ण उतरत नाही. गोळीनंतर कुणाला ताप किंवा चक्कर आली तर बहुधा ते जंत मरत असल्याचं लक्षण असतं. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना गोळी देत नाहीत. ती रिकाम्या पोटी घेऊ नये, म्हणून रमजानात मोहीम आली तर इफ्तारनंतर जेवून घ्यावी.

हे सगळं एखाद्या अनोळखी माणसाने सांगितलं तर शंका येते. पण ज्या मुलीने सूक्ष्मदर्शकाखाली तो वळवळणारा जंत पाहिला आहे आणि जी आपल्याच बोलीत समजावते, तिच्यावर मोहल्ला विश्वास ठेवतो. प्रयोगशाळेत शिकलेलं असं घरापर्यंत पोहोचतं.

वालिदैनचे प्रश्न, सरळ उत्तरं

लॅबमध्ये आजार लागेल का? धोका शून्य नाही, पण नियम पाळले तर तो फार कमी राहतो. बेडक्याचं काम बंदिस्त सुरक्षा कॅबिनेटमध्ये करतात, तोंडावर एन-९५ मास्क असतो, हातमोजे असतात. मुलाने हिपॅटायटिस बी लसीचे तीनही डोस, म्हणजे पहिला, एक महिन्यानंतरचा आणि सहा महिन्यांनंतरचा, आधीच पूर्ण केलेले हवेत. म्हणून सुट्टीच्या तोंडावर नव्हे, पहिल्या वर्षातच सुरुवात करा. सुई टोचली तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं लवकरात लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

मुलगी दुपट्टा किंवा हिजाब घेते, चालेल का? चालेल. फक्त लॅबमध्ये बर्नरची ज्योत असते, म्हणून टोकं एप्रनच्या आत खोचलेली हवीत आणि कापड सुती असावं. सिंथेटिक कापड आगीत वितळून अंगाला चिकटतं. लॅबमधला एप्रन आणि तिथं वापरलेला दुपट्टा घरच्या कपड्यांत मिसळू नये.

रोजे आले तर? मार्गदर्शकाला आधीच सांगावं आणि किचकट काम सकाळच्या वेळेत ठेवावं. न सांगता गळून जाण्यापेक्षा हे बरं.

एकटी कशी राहील? काम तिच्याच कॉलेजमध्ये आणि राहणं तिच्याच हॉस्टेलमध्ये असतं. मनात शंका असेल तर अब्बूंनी एकदा जाऊन मार्गदर्शक मॅडमना भेटून यावं. यात कमीपणा नाही.

यातून फायदा काय? पुढे पीजीला, परदेशात किंवा संशोधन संस्थेत अर्ज करताना असं काम जमेला धरलं जातं. पण आमच्या मते मोठा फायदा दुसरा आहे. मुलगा 'मला वाटतं' आणि 'मोजून दिसलं' यातला फरक शिकतो. टीबीचंच उदाहरण घ्या. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ओळखणाऱ्या तपासण्या बाजारात खूप चालत होत्या. अभ्यासांत त्या भरवशाच्या ठरल्या नाहीत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. किती गरीब घरांचे पैसे अशा तपासण्यांत गेले असतील! कुठल्या तपासणीवर भरवसा ठेवायचा, हे ओळखणारा डॉक्टर आपल्याला हवा आहे.

दोन गोष्टी मुलांसाठी

पहिली, संमती. रुग्णाचा नमुना घेण्याआधी त्याला त्याच्या भाषेत सगळं सांगायचं आणि तो नाही म्हणाला तर राग न धरता पुढे जायचं. त्याच्या इलाजात त्यामुळे काही फरक पडता कामा नये. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं नाही.

दुसरी, प्रामाणिकपणा. साठ नमुने ठरवले आणि एकेचाळीसच मिळाले, तर अहवालात एकेचाळीसच लिहायचे. जे शोधायला गेलो ते सापडलं नाही, तर सापडलं नाही असं लिहायचं. असा अहवालही चांगला अहवाल असतो. आकडे भरून काढलेला किंवा दुसऱ्याचा उतरवलेला अहवाल मात्र उद्या एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

निवड झाली नाही तर खचू नका. त्याच शिक्षकांकडे, समितीच्या मंजुरीने, स्टायपेंडशिवायही काम करता येतं. आणि घरात बीएस्सी करणारं भावंडं असेल तर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिची माहिती त्यालाही द्या.

समाजाने काय करावं?

आता पैशांची गोष्ट. आपली अनेक मुलं कर्ज आणि शिष्यवृत्तीवर शिकतात. सुट्टीत ती घरी येतात ती मेसचा खर्च वाचावा म्हणूनही. स्टायपेंड अहवालानंतर मिळतो आणि तोवरच्या दोन महिन्यांसाठी ही संधी सोडून देणारी मुलं असतात. आपल्या जमात कमिट्या, शिक्षण ट्रस्ट आणि बैतुलमाल प्रवेशाच्या वेळी मदत करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यात एक भर घालता येईल. अशा विद्यार्थ्याला दोन महिन्यांच्या खर्चापुरतं कर्ज-ए-हसना द्यावं. स्टायपेंड आला की तो परत करेल आणि तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येईल. रक्कम मोठी नाही, हिशोबही अवघड नाही.

तुमच्या गावात, नात्यात मेडिकलला असलेलं एखादं लेकरू नक्की असेल. आज रात्री त्याला फोन करून एवढंच विचारा, "बेटा, तुझ्या कॉलेजमध्ये एसटीएस कोण करून घेतं? तू विचारलंस का?" आणि तो म्हणाला, "मला सुट्टीत थांबायचं आहे," तर लग्नाला तो नसला तरी चालेल असं त्याच्या अम्मीला तुम्हीच समजावून सांगा.